एका लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडं

गेल्या महिन्यात मी एक धाडस केलं. वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए., आणि धाडस म्हणजे जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं! आमच्या सौ. म्हणाल्या, "गुडघे धड नाहीत, आणि हे कुठलं नवीन खूळ?" असो.

कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ घ्यावं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. माझा लॅपटॉप २०१४ चा, त्यात ती कुठून असणार? पण चालतं यंत्र भंगारात द्यायला मन होईना. लिनक्स जुन्या यंत्रावरही बरं चालतं असं ऐकून होतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

'फुकट' म्हटलं की आपल्याकडे लगेच शंका येते. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला, आणि मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. हे मला समजलं ते आमच्या मेंढा-लेखा गावामुळे. धानोरा तालुक्यातल्या या गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. ते जंगल कुणा एकाच्या नावावर नाही, पण म्हणून बेवारसही नाही. वापरायचे नियम आहेत, आणि ते गावाने मिळून पाळायचे आहेत. लिनक्सचंही तसंच काहीसं आहे.

मग विंडोज काढूनच का टाकलं नाही? तर माझ्या एका फाइलसाठी.

मी १९७५ साली धानोऱ्याच्या बाजूला एका शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. (२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. मी त्याच वर्गात उभा होतो आणि जिल्हा बदलला! पार्टिशन म्हणजे काय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) वर्गातली बहुतेक मुलं घरी गोंडी बोलणारी. एकदा एका मुलाला विचारलं, "तू चित्र कशाचं काढलंस?" तो म्हणाला, "मावा नार." मी हसलो. मी हसलो म्हणून जी दोन-चार मराठी घरांतली मुलं होती तीही हसली. मराठीत नार म्हणजे बाई. गोंडीत नार म्हणजे गाव. पोरगं "आमचं गाव" म्हणत होतं. पुढे कित्येक दिवस ते वर्गात काही बोललं नाही.

त्या दिवसापासून मी एक वही केली. येर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव, असे शब्द लिहू लागलो. तीसेक वर्षांत अशा तीन वह्या भरल्या. पण खरं सांगायचं तर वर्गातला नियम मी बदलला नाही. वर्गात मराठीच बोलायचं, गोंडी बोलला की मागे उभं राहायचं. घरी वही आणि वर्गात शिक्षा, हे दोन्ही मी एकाच वेळी कसं करत होतो याचं मला आज नवल वाटतं. मुलांच्या भल्यासाठीच करतोय असं तेव्हा मनापासून वाटे.

निवृत्तीच्या आधी त्या वह्या मी संगणकावर टाइप केल्या, कृतिदेव फॉन्टमध्ये. एकदा दुरुस्तीला दिलेला संगणक दुकानदाराने न विचारता फॉरमॅट करून परत दिला आणि अर्धं काम गेलं. वह्या होत्या म्हणून पुन्हा बसलो. त्यानंतर मधली वही पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. म्हणजे आता त्या वहीतले शब्द फक्त त्या फाइलमध्ये आहेत, आणि माझं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

तर अशी ती भीती होती. फाइलची नक्कल मी दोन पेन ड्राइव्हवर काढून ठेवली, एक देवघरात ठेवला.

माझा एक जुना विद्यार्थी दवाखान्याच्या कामाने चंद्रपूरला आला होता. तो गावाकडे ऑनलाइन दाखल्यांचं केंद्र चालवतो. म्हणाला, "गुरुजी, भिऊ नोका. मी बसतो तुमच्याजवळ." त्याने आधी विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद केला, कारण तो चालू असला की विंडोज नीट बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या भागात लिहिता येत नाही. मग ५०० जीबीच्या डिस्कमधला विंडोजचा भाग आकसून ६० जीबी जागा मोकळी केली. हे चालू असताना वीज गेली तर पंचाईत, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. चंद्रपूरला एवढं मोठं वीजकेंद्र, तरी आमच्या गल्लीतली वीज कधी जाईल सांगता येत नाही! शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून घेतली.

मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू केलं. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला. पहिला पर्याय, विंडोजच्या शेजारी बसवा. त्याखाली दुसरा, डिस्क पुसून टाका आणि बसवा. माझा हात माउसवर थरथरत होता.

तो पडद्याकडे बघत म्हणाला, "पुसायची गरजच नाही पडत जी." आणि मग जरा थांबून, "दादाला तुमी हसले होते ना गुरुजी, नार म्हणला म्हणून. तो घरी सांगत होता."

तो त्या मुलाचा धाकटा भाऊ. हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. काय बोलावं सुचेना. मी नुसतं "हो" म्हणालो, आणि त्याने पहिल्या पर्यायावर क्लिक केलं.

वीसेक मिनिटांत झालं. आता लॅपटॉप लावला की आधी यादी येते, वर मिंट, खाली विंडोज. दहा सेकंद वाट बघतं, काही दाबलं नाही तर मिंट उघडतं. एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता विंडोज उघडलं तर घड्याळात साडेचार! लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. फोनवर त्याने एक आज्ञा लिहायला सांगितली, मग जुळलं.

मिंटमध्ये ती फाइल उघडली तर मात्र पोटात गोळा आला. सगळी इंग्रजी अक्षरांची रांगोळी. 'पाणी'च्या जागी आय, के, टिंब, के, एच. फॉन्ट नसला की कृतिदेवचं असंच दिसतं, कारण आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता मराठी मुखवटा. युनिकोडमध्ये बदलून घेतली तेव्हा जीव भांड्यात पडला, पण कुठे ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली. म्हणून आता एकेक शब्द तपासतोय. गोंडीच्या स्वतःच्या लिप्याही युनिकोडमध्ये आल्या आहेत, मसराम लिपी २०१७ साली आणि गुंजाळा २०१८ साली. त्या शिकायला या वयात जमेल का बघू.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. मी शब्द वाचतो, तो दुरुस्त करतो. माझ्या कानाने बरेच उच्चार चुकीचे टिपले होते, तो न हसता सांगतो. परवा 'न'पर्यंत आलो. 'नार' आला तेव्हा मी वाचायचा थांबलो.

"पुढचा सांगा गुरुजी," तो म्हणाला.