उतारावरची द्राक्षे आणि आमचे बरड

आमच्या घरच्या वाटणीत थोरल्या घराकडे नाल्याकाठची काळी जमीन गेली आणि आम्हां धाकट्यांच्या वाट्याला टेकडीचे बरड आले. जामसांवलीच्या शिवारात काळीवाला तेवढा शेतकरी, बरडवाला गोटे वेचणारा, असा हिशोब. ही सल दोन पिढ्या पंगतीतसुद्धा निघत असे.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे पाहिले, तेव्हा हा हिशोब प्रथम डळमळला. (तिथेही एक सावरगाव आहे, पांढुर्णेकरांना मौज वाटेल.) या भागात १९९७ साली ‘सुला’ने वाइनच्या परदेशी जाती लावल्या आणि २००० साली तिची पहिली वाइन निघाली. खाण्याचे द्राक्ष टपोरे हवे. वाइनला मणी लहान हवा. रंग, तुरटपणा आणि गंधाचा बराच अंश सालीत असतो, आणि मणी लहान तितकी रसाच्या मानाने साल अधिक. ओल धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत वेल पानांनीच माजतो. उतारावर माती उथळ, पाणी थांबत नाही. वेल आवरलेला राहतो. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या खड्या चढणींवर ऊन मिळवण्यासाठी दक्षिणेकडे तोंड करून वेली लावतात. आपल्याकडे वाण आहे ती गारव्याची. नाशिकची सुमारे ६०० मीटर उंची आणि हिवाळी रात्री फळातला आंबटपणा टिकवतात.

हे पाहताना आम्हांला आपला संत्राच आठवत होता. बहारासाठी झाडाला ताण आपणही देतोच. पण काळीत तो नीट बसत नाही, आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या धरतो. थोरल्या घरची बाग अशीच डिंक्याने गेली. बरडावरची आमची झाडे उभी आहेत.

तरी बरडाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि ताणाचा उपास झाला. चाळीस झाडे आमच्या डोळ्यांदेखत वाळली. वेलीला काय, झाडाला काय, किती उपाशी ठेवावे हे उतार सांगत नाही.

गेल्या मृगात थोरल्या घरचा नातू बरडातले दोन एकर लागवडीसाठी मागायला आला. नाही म्हणवले नाही. आधी वैशाखात येऊन विहीर पाहून जा, एवढेच त्याला सांगितले आहे.