मढचा किनारा, भाचीचा निकाह आणि विम्याचा कागद

रविवारी सकाळी वर्सोव्याच्या धक्क्यावरून आम्ही फेरीबोटीत बसलो. बोटीत रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या दोन कोळणी होत्या, मोटारसायकली धरून उभी असलेली काही मुले होती आणि आम्ही सहा जण. आपा, भाईजान, त्यांची मुलगी, खालाजान आणि आम्ही दोघे. खाडीचे पाणी ओलांडायला पाच-सात मिनिटे पुरली. हेच अंतर गाडीने मालाड, मार्वे रोड करत जायचे म्हटले तर वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. मढ मुंबईतच आहे, तरी तिथे पाऊल ठेवले की परगावी आल्यासारखे वाटते ते याच पाण्यामुळे.

आम्ही फिरायला आलो नव्हतो. भाचीचा निकाह डिसेंबरात ठरला होता. मुलाकडची मंडळी कुवेतहून येणार, आपली माणसे महाड-रत्नागिरीहून. समुद्राकाठी एखादा बंगला दोन दिवस घ्यावा, सगळ्यांनी एकत्र राहावे, तिथेच निकाह आणि तिथेच वलीमा करावा, असे मुलाकडच्यांनी सुचवले होते. हल्ली आपल्या घरांतही ही रीत येऊ लागली आहे. भाईजानना एका विमा एजंटने लग्नाच्या विम्याचे पत्रक दिले होते. ते त्यांच्या खिशात होते आणि त्यावरून घरात आठवडाभर चर्चा चालली होती.

धक्क्यावर उतरलो की कोळीवाडा लागतो. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जाळी दुरुस्त करणारी माणसे सावलीला बसलेली असतात. पुढे पोर्तुगीजांनी बांधलेला मढचा किल्ला आहे. 1739 मध्ये तो मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आपण बाहेरूनच पाहायचा. उत्तरेकडे एरंगळच्या किनाऱ्यावर 1575 सालचे सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक जातात. अजून पुढे आक्सा, मग मार्वे, तिथे नौदलाचे आयएनएस हमला, आणि मालाड स्टेशनच्या वाटेवर मालवणीची आपली मोठी वस्ती. या सगळ्याच्या मधे, नारळीच्या बागांत, चित्रीकरणासाठी आणि लग्नांसाठी भाड्याने मिळणारे बंगले आहेत.

आम्ही तीन बंगले पाहिले. तिसरा सगळ्यांना आवडला. हिरवळ मोठी, स्त्रियांसाठी वेगळे अंगण, नमाजसाठी जागा, आणि भिंतीपलीकडे थेट वाळू. व्यवस्थापक भला माणूस वाटला. अर्धी रक्कम आगाऊ, ती कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे त्याने सांगितले. भाईजान म्हणाले, "आणि वादळ आले तर?" तो हसला. "साहेब, डिसेंबरात कसले वादळ?"

बाहेर रस्त्यावर सुकट विकणाऱ्या एका मावशींना खालाजाननी तोच प्रश्न विचारला. मावशींनी हात जोडून आधी दर्याला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "पोरी, दर्या महिने मोजत नाय." 17 मे 2021 ला तौक्ते आले तेव्हा इथल्या होड्या कशा एकमेकींवर आपटल्या ते त्यांनी सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीची काय दशा केली ते आमच्या घरांनी पाहिलेच आहे. महाडच्या घराची कौले आम्हीच गोळा केली होती.

दुपारी एका झाडाखाली बसून आम्ही ते पत्रक आणि सोबतच्या अटी नीट वाचल्या. जे कळले ते इथे मांडतो, कारण पुढच्या हंगामात अनेक घरांत हाच प्रश्न येणार आहे.

लग्नाच्या विम्यात साधारण चार भाग असतात. पहिला, समारंभ रद्द किंवा पुढे ढकलावा लागला तर दिलेल्या आगाऊ रकमांची भरपाई. आग, भूकंप, पूर, वादळ, वधू-वरांचा किंवा अगदी जवळच्या नातेवाइकांचा मृत्यू वा गंभीर अपघात ही त्याची नेहमीची कारणे. दुसरा, मांडव, सजावट, दागिने अशा वस्तूंचे नुकसान किंवा चोरी. तिसरा, वधू-वर आणि घरच्यांसाठी अपघात विमा. चौथा, आपल्या समारंभामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर द्यावी लागणारी भरपाई. मांडव कोसळणे, जेवणातून विषबाधा होणे, हे या चौथ्या भागात येते.

आता कशाची भरपाई मिळत नाही ते. दोन्ही घरांत बिनसले आणि निकाह मोडला, तर नाही. संप, दंगल, दहशतवाद बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. विमान चुकले, व्हिसा मिळाला नाही, तर नाही. कुवेतच्या पाहुण्यांसाठी प्रवास विमा वेगळा. साथीचा रोग बहुधा वगळलेला असतो. मार्च 2020 नंतर किती घरांच्या आगाऊ रकमा अडकल्या ते आठवा. आणि वादळाची सूचना हवामान खात्याने दिल्यावर विमा काढायला धावलो तर त्या वादळासाठी तो उपयोगी पडत नाही. संकट डोळ्यांसमोर आले की विमा मिळत नसतो.

मढला उभे राहून वाचल्यामुळे काही गोष्टी जास्त स्पष्ट झाल्या.

पहिली गोष्ट नात्यांची. पॉलिसीत 'जवळचे नातेवाईक' म्हणजे बहुधा आई-वडील, भाऊ-बहीण. आमच्या भाचीला लहानपणापासून खालाजाननी वाढवले. उद्या, अल्लाह न करो, त्यांना काही झाले तर आम्ही कोणीही मांडवात उभे राहणार नाही. पण कागदावर त्या 'जवळच्या' नाहीत. शिवाय त्यांचा हृदयविकार जुना, आणि आधीपासूनचे आजारही वगळलेले असतात. ज्यांच्यावाचून निकाह होणार नाही अशी माणसे कोण, त्यांची नावे कागदावर येतात का, हे आधी लेखी विचारावे.

दुसरी गोष्ट जागेच्या कायदेशीरपणाची. हा सगळा पट्टा समुद्रकिनारा नियमनाखाली येतो. एप्रिल 2023 मध्ये महापालिकेने मढ-मार्वे भागातले चित्रीकरणाचे मोठे स्टुडिओ याच नियमांच्या भंगासाठी पाडले. आपण आरक्षित केलेला बंगला उद्या सरकारी कारवाईत बंद झाला, तर ती ना आग ना वादळ. विमा कंपनी ते मानेलच असे नाही. म्हणून बांधकामाची मंजुरी आणि समारंभाची परवानगी मालकाकडून आधी पाहून घ्यावी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम आहे, तोही पाळायचाच. नियम मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीला कोणतीही पॉलिसी उभी राहत नाही.

तिसरी, दागिन्यांची. मेहरचा सोन्याचा संच फेरीबोटीतून नेण्याचा आपांचा विचार होता. दागिन्यांच्या विम्याला किमतीचा दाखला लागतो, ते तिजोरीत ठेवावे लागतात, खोलीत उघड्यावर ठेवलेले गेले तर दावा फेटाळला जातो. चोरी झाली तर लगेच पोलिसांत तक्रार आणि कंपनीला खबर, दोन्ही लागते.

चौथी, पावत्यांची. मांडववाला, बावर्ची, गाड्या, सगळ्यांना आपण रोख देतो आणि चिठ्ठीवर लिहून ठेवतो. विमा कंपनी चिठ्ठी मानत नाही. करारपत्र आणि पावती नसेल तर ती रक्कम तुम्ही दिलीच नाही असे धरले जाते.

भाईजाननी पत्रक घडी करून ठेवले आणि मनातले विचारले, "हे सगळे ठीक. पण आपल्याला हे जायज आहे का?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरोबर नव्हते. साध्या व्यापारी विम्यावर उलेमांचा आक्षेप जुना आहे. त्यात अनिश्चितता आहे, जुगाराचा अंश आहे आणि कंपनी पैसा व्याजात गुंतवते. 1985 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभ्या विम्याला मान्यता दिली. त्यालाच आज आपण तकाफुल म्हणतो. सुदानमध्ये 1979 ला अशी कंपनी निघाली, मलेशियाने 1984 ला त्यासाठी कायदा केला. आपल्या देशात तकाफुल कंपनी नाही. दुसरीकडे, भारतातल्या इस्लामी फिक्ह अकादमीच्या उलेमांनी दंगलींची परिस्थिती पाहून जीव आणि मालाच्या विम्याला सवलत दिली. गाडीचा तृतीय पक्ष विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे आणि तो आपण सगळेच काढतो.

खालाजान शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "उंट बांधून मग तवक्कल करायची, हे लहानपणी शिकलो. पण उंट बांधायला दोरी लागते. आपण बाजारात उंटच मोठा घेतोय आणि मग दोरी शोधतोय."

त्या एका वाक्याने आमचा हिशेबच उलटा झाला. आम्ही विचार करत होतो की जोखमीवर विमा किती घ्यावा. आधी पाहायला हवे होते की जोखीम मुळात किती घ्यावी.

मग तिथेच बसून आम्ही यादी केली. निकाह अंधेरीच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत, जुम्याच्या नमाजनंतर, खजूर वाटून. त्याला वादळाची भीती नाही आणि बंगल्याची गरज नाही. ज्या निकाहात खर्च कमी त्यात बरकत जास्त, ही शिकवण आपण नेहमी ऐकतो, क्वचित वापरतो. वलीमा मढला, पण एकाच दिवशी आणि दुपारचा. मेहरचे दागिने निकाहाच्या वेळीच मुलीच्या हाती, म्हणजे ते खाडी ओलांडणारच नाहीत. व्यवस्थापकाशी पुन्हा बोललो. अर्धी रक्कम आगाऊ ऐवजी चौथाई, आणि वादळ, घरातला मृत्यू किंवा सरकारी आदेश यामुळे दिवस बदलावा लागला तर सहा महिन्यांत दुसरी तारीख, अशी अट करारात घालायला तो थोड्या घासाघिशीनंतर तयार झाला. मंजुरीचे कागद दाखवले तरच पैसे, हेही त्याने मान्य केले. या एका अटीने विम्याच्या पहिल्या भागाचे बरेचसे काम झाले. त्यात कोणाला शंका घेण्यासारखे काही नाही. दोन माणसांनी केलेला सरळ करार आहे तो.

उरला चौथा भाग, इतरांना होणाऱ्या इजेचा. इथे मात्र आमचे मत विम्याच्या बाजूने झाले. आपले सोने गेले तर सब्र करता येतो. पण आपल्या दस्तरखानावर जेवून कोणाचे मूल आजारी पडले, मांडवाचा खांब एखाद्या मजुराच्या अंगावर पडला, तर तो हुकूकुल इबादचा, माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे. त्यांची भरपाई करण्याची ऐपत आपल्याकडे नसेल तर 'अल्लाहची मर्जी' म्हणून हात झटकणे योग्य नाही. मोहल्ल्याच्या मौलानांना दुसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी स्वतःच्या फायद्यासाठीच्या भागापासून दूर राहा, दुसऱ्यांच्या हक्कासाठी गरज वाटत असेल तेवढेच घ्या, असा सल्ला दिला. इतर घरांनी आपापल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे.

काही कंपन्या पॉलिसीचे भाग निवडू देतात, काही नाही. एजंटाच्या तोंडी शब्दावर न जाता पॉलिसीची पूर्ण प्रत मागावी आणि वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचावे. दारूमुळे घडलेले अपघात वगळलेले असतात, त्याची आपल्याला चिंता नाही. पण समुद्रात पोहायला उतरलेल्या पाहुण्याचे काय, हे जरूर विचारावे. आक्साच्या पाण्याने किती तरुण घेतले आहेत ते मालवणीच्या कोणत्याही घराला विचारा. विमा असो वा नसो, किनाऱ्याच्या फाटकाशी दोन जबाबदार माणसे उभी करायचे आम्ही ठरवले. बावर्च्याचा अन्न परवाना पाहायचा, तेही.

दावा अडला तर काय, हेही माहीत असावे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

परतताना फेरीऐवजी आम्ही मढ जेट्टीवरून 271 नंबरची बस धरली. डावीकडे एरंगळ, आक्सा मागे पडले. मालवणीत मगरिबची अजान झाली तेव्हा उतरलो आणि नमाज तिथेच पढलो. बाहेर आल्यावर भाचीने हळूच विचारले, "खाला, मला किनाऱ्यावर निकाह हवा होता, तो राहिला. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार, मला थोडे वाटतेय म्हणून?"

खालाजाननी तिचा हात धरला. "वाटू दे थोडे. वलीम्याच्या दिवशी तू आणि मी फेरीनेच जाऊ, सगळ्यांच्या आधी. दर्या बघायला पैसे कुठे पडतात?"