धुरा आणि वेदी

सानगडीच्या भोवताली धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. दोन बांध्यांच्या मधला मातीचा जो उंचवटा, त्याला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्याने पाणी अडते, धुऱ्यावरून माणूस चालतो आणि धुऱ्यापायीच सख्खे भाऊ एकमेकांची तोंडे पाहीनासे होतात. दरवर्षी नांगराच्या फाळाने वीतभर धुरा कोरला, की दहा-पंधरा पावसाळ्यांत शेजाऱ्याचा एक पट्टाच नाहीसा होतो. वसईच्या वाचकांना बांधावरची भांडणे नवी नाहीत. तेव्हा अधिक वर्णन नको. एवढेच सांगावयाचे, की भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. एका तलावाचे पाणी अनेकांनी वाटून घ्यावयाचे, म्हणजे समेट ही येथे चैनीची वस्तू नव्हे. समेट नसेल तर धान पिकत नाही.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, तडजोडीस पात्र असलेले तंटे गावातच मिटवावेत, आणि मिटवणाऱ्या गावास पुरस्कार मिळावा, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती. कोर्टाच्या तारखांनी कर्जबाजारी झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांतील काही या मोहिमेने वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु किती तंटे मिटले यावर गुण मिळू लागले, की लवकर मिटविण्याचा मोह होतो. आणि लवकर मिटवायचे तर दोघांपैकी जो दुबळा, त्यालाच नमते घ्यावयास सांगणे सोपे असते.

त्या दिवसांत या बाजूच्या एका गावातील बैठकीस आम्हांला बोलावणे आले. एका विधवेचा धुरा तिच्या दिराने कोरला होता. दीर चार माणसांत वजन असलेला. बाई एका कोपऱ्यात पदर सावरून बसलेली. कागद अगोदरच तयार होता. तिचा अंगठा तेवढा उरला होता. एक वडीलधारे गृहस्थ आम्हांला म्हणाले, "तुम्ही येशूची माणसं. क्षमेवर दोन शब्द बोला, म्हणजे वयनीचं मन वळेल." आम्ही म्हणालो, "बोलू. पण आधी मोजणी होऊ द्या." सभेला ते रुचले नाही. मिटत आलेली गोष्ट आम्ही चिघळवली, असेही कोणी म्हणाले. मोजणी झाली, पट्टा बाईचा निघाला. दिराने दोन वर्षे तिच्या अंगणात पाऊल टाकले नाही. तिसऱ्या रोवणीला मात्र तिच्या बांधीत चिखलणीसाठी त्याने आपली बैलजोडी पाठविली. स्वतः आला नाही, गडी पाठविला. बाईने गड्याला जेवू घातले आणि दिरासाठी डबा भरून दिला. याहून अधिक काही घडलेले आमच्या कानी नाही.

वाचकहो, पर्वतावरील प्रवचनात प्रभूने धन्य म्हटले ते शांती करणाऱ्यांना. शांती आवडणाऱ्यांना नव्हे. शांती कोणाला आवडत नाही? ज्याने धुरा कोरला, त्याला तर ती सर्वांत अधिक आवडते. याच प्रवचनात पुढे वेदीपाशी अर्पण ठेवून भावाकडे जाण्याची आज्ञा आहे. ती आपण फार वेळा ऐकली आहे, पण कोणाला दिली आहे ते आपल्या ध्यानातून निसटते. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी राग आहे, त्याला नव्हे. ज्याच्याविरुद्ध भावाची काही तक्रार आहे, त्याला प्रभूने उठावयास सांगितले. पहिले पाऊल अन्याय करणाऱ्याने टाकावयाचे. जक्कयानेही नुसते डोळे पुसले नाहीत. फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. आपल्या धर्मसभेच्या समेट-संस्कारातही पापनिवेदनाबरोबर भरपाई आहे, आणि तीच आपण तीन नमो मरियेत उरकून टाकतो.

याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे सुरेखा भोतमांगे, त्यांची कन्या प्रियांका आणि रोशन व सुधीर हे दोन पुत्र, अशा चौघांना गावच्या जमावाने ठार केले. बौद्ध कुटुंब, शेतातून जाणाऱ्या वाटेचा जुना वाद, आणि एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी दिलेली साक्ष. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहा जणांना दिलेली फाशी २०१० साली उच्च न्यायालयाने रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. एकटे मागे राहिलेले भैयालाल भोतमांगे पुन्हा त्या घरी राहावयास गेले नाहीत. 'जुने किती उगाळायचे?' असे म्हणणारी सज्जन माणसे आम्हांला पुष्कळ भेटली, त्यांत आपली माणसेही होती. त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण भैयालाल यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

क्षमा अशक्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात, उदयनगर येथे गरीब शेतकऱ्यांना सावकारीतून सोडविणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समुंदर सिंग नावाच्या तरुणाने बसमध्ये भोसकून मारले. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्याच्या हाती राखी बांधली. आपल्या प्रवचनांतून ही राखी वारंवार येते. मधली सात वर्षे येत नाहीत. स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्याला भेटत राहिले, म्हणून ती राखी शक्य झाली. न्यायालयाने गुन्हा गुन्हाच ठरविलेला होता. समुंदरला पश्चात्ताप झालेला होता. आणि क्षमा दिली ती ज्यांची मुलगी गेली त्या घराने. समितीने नव्हे, शेजाऱ्यांनी नव्हे. त्याच घराने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला, आणि केरळात जाऊन त्याने त्यांच्या वृद्ध मातेची क्षमा मागितली.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्यास समुंदर सिंग उपस्थित होता. त्याच वर्षी, २० जानेवारीला, भैयालाल भोतमांगे नागपुरात हृदयविकाराने वारले होते.