विशेषणाचा सोबती

सातवीच्या वर्गातील एका मुलीची आई आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळून होती. घरात दुसरे मोठे माणूस नव्हते. पाणी भरणे, भाकऱ्या भाजणे, धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालणे आणि रात्री आईच्या उशाशी बसून तिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवणे, ही सारी कामे त्या मुलीने एकटीने केली. आठव्या दिवशी आईला उतार पडला आणि मुलगी शाळेत आली. येताना तिने गैरहजेरीचा अर्ज आणला होता. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंना आनंद वाटावा, म्हणून तो तिने मुद्दाम इंग्रजीत लिहिला होता.

'आईची शुश्रूषा करून मी थकले आहे' असे तिला लिहावयाचे होते. 'थकलेला' या अर्थाचा 'टायर्ड' हा शब्द तिला ठाऊक होता. पाठाखालच्या शब्दांच्या यादीत त्याच्यापुढे 'ऑफ' असे छापलेले तिने पाहिले होते. तेव्हा तिने लिहिले, 'आय अ‍ॅम टायर्ड ऑफ नर्सिंग माय मदर.' स्पेलिंग बिनचूक होते. व्याकरणातही बोट ठेवण्यास जागा नव्हती. परंतु त्या वाक्याचा अर्थ असा झाला, की आईची शुश्रूषा करण्याचा मला वीट आला आहे!

बाईंनी अर्ज वाचला आणि तिला जवळ बोलावून हळूच विचारले, “काय गं, आईचं करायचा कंटाळा आला का तुला?”

मुलगी क्षणभर गोंधळली. मग तिचे डोळे भरून आले. “नाही हो बाई! मी थकले, एवढंच लिहिलंय.”

“ते मला कळलं गं. पण तुझ्या 'ऑफ'नं भलतंच सांगितलं.”

मराठीत 'थकणे' आणि 'कंटाळणे' असे दोन निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजीत 'टायर्ड' हे एकच विशेषण ही दोन्ही कामे करते, आणि त्या वेळी ते कोणते काम करीत आहे हे त्याच्या मागून येणारा चिमुकला शब्द सांगतो. 'टायर्ड फ्रॉम' म्हटले की शरीर थकले. 'टायर्ड ऑफ' म्हटले की मन विटले. या चिमुकल्या शब्दांना आपल्या व्याकरणात शब्दयोगी अव्यये म्हणतात. मराठीत ती नामाच्या पाठीमागे चिकटून येतात, जसे 'झाडाखाली', 'घरापुढे'. इंग्रजीत ती नामाच्या आधी सुटी उभी राहतात. अव्यय आणि नाम मिळून जो शब्दसमूह होतो, तो विशेषणाच्या सोबतीला आला की विशेषणाचा रोख ठरतो.

'गुड' हे तर पहिल्या इयत्तेतले विशेषण. पण त्याचे सोबती बदलून पाहावेत. दूध मुलांना हितकर आहे, तेव्हा ते 'गुड फॉर चिल्ड्रन'. आजी मुलांशी मायेने वागते, तेव्हा ती 'गुड टू चिल्ड्रन'. एखाद्या शिक्षकाला मुलांना कसे सांभाळावे, कसे रमवावे हे नेमके साधते, तेव्हा तो 'गुड विथ चिल्ड्रन'. आणि गणितात गती असलेला मुलगा 'गुड अ‍ॅट मॅथ्स'. मराठीत या चार गोष्टी सांगावयास चार वेगळी वाक्ये रचावी लागतात. इंग्रजी भाषा एवढे मोठे काम दोन-तीन अक्षरांच्या शब्दांवर सोपविते, ही तिची काटकसर वाखाणण्यासारखी आहे. शिकणाऱ्याला मात्र ती महाग पडते.

सोबती आला म्हणजे विशेषणाची जागाही बदलते. भरलेली टोपली म्हणजे 'अ फुल बास्केट'. मराठीत तिला आंब्यांची जोड दिली, तर 'आंब्यांनी भरलेली टोपली' होते. विशेषण टोपलीच्या आधीच राहते. इंग्रजीत तसे चालत नाही. तेथे 'अ बास्केट फुल ऑफ मँगोज' असे म्हणावे लागते. एकटे विशेषण नामाच्या पुढच्या दाराने आत येते. हातात गाठोडे असले की त्याला मागच्या दाराने यावे लागते, असे म्हणा ना!

मराठी मुलांच्या ज्या चुका ऐकून पुष्कळ लोक हसतात, त्यांचे मूळ येथेच आहे. मुलगा म्हणतो, 'टीचर इज अँग्री ऑन मी.' इंग्रजीत येथे 'अँग्री विथ मी' हवे. पण तो 'ऑन' त्याने कोठून आणला? 'गुरुजी माझ्यावर रागावले' यातल्या 'वर'मधून. 'त्याच्याशी लग्न झाले' यातल्या 'शी'मुळे 'मॅरिड विथ' होते, आणि इंग्रजी मागते 'मॅरिड टू'. 'गणितात हुशार' यातला 'त' 'गुड इन मॅथ्स' असे म्हणावयास लावतो. ही मुले विचार न करता बोलत नाहीत. ती मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळतात. फक्त तो नियम इंग्रजीच्या घरी चालत नाही. आणि हसणाऱ्यांनी हेही आठवावे, की मराठी शिकणारा परका मनुष्य 'घोड्याला' म्हणावयाच्या ऐवजी 'घोडाला' म्हणून जातो, तेव्हा तोही असाच प्रामाणिक असतो.

मग इंग्रजीने हा पसारा मांडला तरी कशाला? गंमत अशी, की सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीलाही आपल्यासारख्या विभक्त्या होत्या. नामांना प्रत्यय लागत. कोणत्या विशेषणाला कोणती विभक्ती हवी, हे ठरलेले असे; 'फुल' हे विशेषण बहुधा षष्ठी मागे. पुढे शब्दांची शेवटची अक्षरे बोलताना अस्पष्ट होत गेली आणि पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक प्रत्यय झिजून गेले. त्यांचे काम 'ऑफ', 'टू', 'विथ' अशा शब्दांकडे आले. 'वर्थ' आणि 'लाइक' ही विशेषणे मात्र अजून जुन्या वळणाची आहेत. दहा रुपये किमतीचे म्हणजे 'वर्थ टेन रुपीज', फुलासारखे म्हणजे 'लाइक अ फ्लॉवर'. प्रत्यय गेला आणि त्याच्या जागी सोबतीही आला नाही.

या 'ऑफ'ची कुळकथा तर ऐकण्यासारखी आहे. एका 'एफ'चा 'ऑफ' आणि दोन 'एफ'चा 'ऑफ' हे पूर्वी एकच होते. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'पासून' किंवा 'दूर' असा होता, आणि संस्कृतातील 'अप' हा उपसर्ग त्याचा जुना भाऊबंद आहे. वाघाला भिणारा मनुष्य इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ' असतो. पाणिनीने ज्याचे भय वाटते त्याला अपादान म्हटले आणि त्यासाठी पंचमी सांगितली. 'अपादान' या नावातही तोच 'अप' आहे. हिंदी बोलणारा आजही 'बाघ से' डरतो. मराठी माणूस मात्र वाघाला भितो! वाघ एकच आणि भीतीही एकच. पण प्रत्येक भाषेने तिला बांधलेला दोर निराळा.

हे सोबती कायमचे ठरलेले असतात असेही नाही. भिन्न या अर्थाच्या 'डिफरंट'पुढे पुस्तके 'फ्रॉम' लिहावयास सांगतात. तरी इंग्लंडात पुष्कळ लोक 'डिफरंट टू' म्हणतात आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'ही ऐकू येते. 'बोअर्ड विथ' हे जुने वळण. अलीकडची तरुण मंडळी सर्रास 'बोअर्ड ऑफ' म्हणतात.

नुसता अर्थ दिल्याने शिकणाऱ्याचे भागत नाही, हे ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने ओळखले होते. ते जपानात इंग्रजी शिकवीत असत. शब्द वाक्यात कसा वापरावा हेही सांगणारा एक कोश त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह रचला. तो १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही शाळाशाळांतून दिसतात. तेव्हा कोश उघडला की विशेषणाचा अर्थ पाहून तो लगेच मिटू नये. खालच्या उदाहरणांपर्यंत नजर जाऊ द्यावी. त्या मुलीच्या यादीत 'ऑफ' होता, पण उदाहरण नव्हते.

बाईंनी तिच्या अर्जातला 'ऑफ' तांबड्या शाईने खोडला आणि त्याच्यावर 'फ्रॉम' लिहिले. बाकी एक अक्षरही बदलले नाही. अर्जाची नक्कल करून आणण्यास सांगून तो त्यांनी तिला परत दिला.

संध्याकाळी आई भिंतीला टेकून बसली होती. मुलीच्या हातातला कागद तिने मागून घेतला आणि उजेडाकडे धरला. तिला इंग्रजी येत नव्हते. पण तांबडी रेघ तिला दिसली.

“काय गं चुकलं?” तिने विचारले.

“काही नाही गं आई,” मुलगी तिच्याजवळ सरकत म्हणाली, “एक लहानसा शब्द होता.”