माहेबूरचा ऊस, देवणीचा कोयता

मॉरिशस म्हटलं की काय आठवतं? निळंशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू, हनिमून पॅकेज आणि त्यातलं ते 'फ्री' कँडललाइट डिनर! मीही वेगळी नव्हते. लातूर जिल्ह्यातल्या देवणीत वाढलेल्या मुलीला समुद्राचं अप्रूप किती, ते मुंबईकरांना कळायचं नाही.

पण यंदा मे महिन्यात गेले, तेव्हा रिसॉर्टला चक्क फाटा दिला आणि तीन दिवस माहेबूरमध्ये मुक्काम ठोकला. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचं, विमानतळाजवळचं हे जुनं फ्रेंच गाव. उच्चार 'माएबूर'कडे झुकणारा, पण 'माहेर'च्या चालीवर मला माहेबूरच बरं वाटलं. सरळ आखलेल्या गल्ल्या, पत्र्याच्या छपरांची जुनी घरं आणि सोमवारचा धमाल बाजार. कोपऱ्यावरची गरमागरम डाळपुरी खाल्ली की दुपारचं जेवण झालं. बजेट ट्रिपवाल्यांनो, लिहून ठेवा!

समोरच्या खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच आरमाराने इंग्रजांना हरवलं. त्या लढाईचं नाव, ग्रां पोर, पॅरिसच्या विजय कमानीवर कोरलेलं आहे. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या जखमी सेनापतींवर एकाच वाड्यात उपचार झाले. तोच वाडा आज म्युझियम आहे. अर्थात त्याच डिसेंबरात इंग्रजांनी अख्खं बेट घेतलं, ते १९६८ पर्यंत सोडलं नाही.

इथवर सगळं मस्त चाललं होतं. मग मी बसने गावाबाहेर पडले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसला उभा ऊस. माझ्यातली टुरिस्ट तिथेच गप्प झाली.

१८३५ मध्ये इथली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना हात हवे होते. त्याच सुमारास भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून जास्त लोक आले. बहुतेक बिहारकडचे, मुंबईहून आलेल्यांत आपले कोकणातले मराठीही. पुरुषाला महिना पाच रुपये. आणि एक नियम, 'डबल कट'. एक दिवस गैरहजर राहिलात, तर दोन दिवसांचा पगार कापला!

हे वाचलं आणि मला एकदम आमच्याकडचा शब्द आठवला... खाडा. आमच्या मराठवाड्यातून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बाईचा हिशेब वेगळा नाही. आजारी पडून खाडा झाला, तर मजुरी बुडते आणि वर दंडही लागतो. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत, ती थेट उन्हाळ्यात उगवायची. आम्हाला वाटायचं, मज्जा आहे यांची, शाळा नाही!

जहाज वेगळं आणि ट्रॅक्टर वेगळा, हे मान्य. पण ऊस तोच आणि आगाऊ बांधलेला माणूसही तोच.

सोमवारच्या बाजारात एका भाजीवाल्या आजींनी मला हटकलं. "मराठी?" मी मान हलवली. "आमी पण मराठी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा क्रिओलमध्ये शिरल्या. शेजारच्या पोराने इंग्रजीत समजावलं. आजींच्या आजोबांचं पहिलं नाव तेच आता घराण्याचं आडनाव. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं! आणि आजोबांचा नंबर, जहाजाचं नाव, गाव, सगळं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात सापडलं, हेही. गोऱ्या साहेबाने ती नोंद माणुसकीपोटी केली नव्हती, मजूर पळून जाऊ नये म्हणून केली होती. पण नातीला त्यातूनच आजोबा मिळाले.

तुम्ही गेलात तर बीच बघाच, फोटोही काढा. फक्त एक दुपार पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवा. २००६ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. जहाजातून उतरलेले मजूर ज्या सोळा पायऱ्या चढले, त्या अजून तिथे आहेत.

माझ्या वर्गातल्या त्या मुलांच्या आई-वडिलांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असायचा. हंगाम संपला की ती वही कुठे जायची, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आता देवणीला गेले की पहिलं तेच विचारणार आहे.