मोर्णाकाठचे शनिवार

पत्नीला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतरचे चौदा महिने औषधे आणि भाजी आणण्याखेरीज मी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. दर दोन तासांनी तिची कूस बदलणे, पाठ पुसणे, घास भरवणे, यांत दिवस सरत असे. त्या सेवेचा मला कंटाळा नव्हता. तिच्याशी बोलण्याजोगे माझ्यापाशी काही उरले नव्हते, हे मात्र मनाला सलत असे. गोळीची वेळ, वरणाचे पाणी आणि डासांची जाळी, एवढ्यावर आमचा चाळीस वर्षांचा संवाद येऊन ठेपला होता.

अशातच १३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्यात मोर्णा नदीच्या स्वच्छतेची मोहीम सुरू झाली. जिल्हा प्रशासनाचा पुढाकार होता आणि हजारो नागरिक काठावर उतरले होते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. पुढे शनिवारची सकाळ मोर्णेसाठी राखण्याचा प्रघातच पडला.

पत्नीचे माहेर जुन्या शहरातले, नदीपलीकडचे. लहानपणी उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून ती पाणी भरीत असे. वर्तमानपत्रातली बातमी मी वाचून दाखवली, तेव्हा अडखळत्या जिभेने ती म्हणाली, “जा नं तुम्ही. मी काय पळून चालली? येतानी नदीचं सांगा.” शेजारच्या वहिनींनी दोन तास तिच्यापाशी बसण्याचे आनंदाने मान्य केले. तरीही पहिल्या शनिवारी घराबाहेर पडताना मला अपराध्यासारखे वाटले.

काठावर पोहोचलो तर पाणी दिसेचना. जलपर्णीचा हिरवागार गालिचा या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला, त्यावर जांभळ्या फुलांचे तुरे. दिसायला मोठे मनोहर! ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेसाठी म्हणून आपल्याकडे आणली गेली. अनुकूल स्थिती मिळाली की एक-दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. गालिच्याखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. काही जातींच्या डासांच्या अळ्या तर तिच्या मुळांना चिकटूनच श्वास घेतात. घरातल्या जाळीचे आणि या फुलांचे नाते मला तेथे उमगले.

वयाचा विचार करून मला पाण्यात उतरू दिले नाही. तरुणांनी ओढून काढलेली जलपर्णी टोपल्यांतून दूर सरकवण्याचे काम माझ्याकडे आले. या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे एक टोपलीही दोघांना जड जाई. शेजारचा एक मजूर सांगत होता, “काकाजी, मुयासकट ओढा लागते, नाईतं पुन्हा येते. अन् काठावर नोका ठेवू, पयल्या पावसानं मांगं नदीतच जाते.”

तेथेच एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना थांबवले. मुले भराभर काठावरचे लव्हाळे आणि पाणकणीसही उपटू लागली होती. ते म्हणाले, “हे आपले आहे, राहू द्या. पाणकोंबडी यातच घरटे करते.” परके कोणते आणि आपले कोणते हे ओळखल्यावाचून केलेली स्वच्छता पाखरांचे घरच मोडते, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो.

काही शनिवारांनी पाण्याचा एक पट्टा मोकळा झाला. तेथे वाकलेल्या फांदीवर निळा खंड्या येऊन बसला. मासा दिसण्यासाठी त्याला उघडे पाणी लागते. घरी येऊन हे सांगितले, तेव्हा पत्नीने डाव्या हाताने माझे बोट धरून विचारले, “मासा भेटला त्याले?” कितीतरी महिन्यांनी तिने मला असा एखादा प्रश्न विचारला होता.

पुढे पावसाळा आला, पूर आला आणि ओसरला. आणि संथ पाण्यात जलपर्णी पुन्हा दिसू लागली. मी खट्टू झालो. पण कारण उघड होते. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हेच तिचे अन्न आहे. ते नदीत येत आहे तोवर उपटणे हा केवळ उतारा होय. शिवाय तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे तग धरते. तेव्हा सांडपाणी अडवणे आणि उगवेल तसे काढत राहणे, ही दोन्ही कामे जोडीने चालावी लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस एकदा बदलून भागत नाही, हे मला ठाऊकच होते; त्यामुळे निराशा फार काळ टिकली नाही.

आपल्यापैकी कोणी अशा कामाला जाणार असतील, तर अनुभवाचे दोन शब्द. हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत. पायाला जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, काठापासून दूरच बसावे. परतल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर नदीच्या पाण्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार त्यामुळे वेळीच ओळखता येतो. आणि घरी रुग्ण असेल, तर आठवड्यातले दोन तास कोणाकडे तरी विश्वासाने सोपवून बाहेर पडावे. त्यात अपराध नाही. आपण बाहेरून जे पाहून येतो, त्यावर घरातला माणूसही जगतो.

पत्नीला जाऊन आता तीन वर्षे झाली. शनिवारी मी अजून काठावर जातो. परवा लव्हाळ्यातून पाणकोंबडी बाहेर आली. मागे चार काळी पिल्ले होती. घरी परतलो, कुलूप उघडले आणि सवयीने सांगायला तोंड उघडले. ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून आपल्याला सांगत आहे. चारही पिल्ले पाण्यात उतरली.