उधाण न येणारी पौर्णिमा

खारेपाटात वाढलेल्या माणसाला मिठाचा धाक असतो. माझं माहेर पेण तालुक्यातल्या खाडीकाठचं, सासर रोह्याचं. पौर्णिमा-अमावास्या जवळ आली की वडील रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. बांधाला खांड गेली तर खाडीचं पाणी थेट भातखाचरात शिरायचं आणि ओसरल्यावर मातीवर पांढरट पापुद्रा धरायचा. मग बरेच पावसाळे पडून माती धुतली जाईपर्यंत तिथे भाताचं नाव घ्यायचं नाही. म्हणून वन्संनी कच्छच्या सहलीचं पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि पांढऱ्या रणाचं छायाचित्र दाखवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. एवढी जमीन खारावलेली, आणि लोक तिथे आनंदाने फोटो काढताहेत!

तरी गेलो. पेण आणि रोह्यातली मिळून आमची एक बस भरेल एवढी माणसं होती. वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस, भुजला उतरणं, मग खावडा-धोरडोकडे. त्याआधी माझा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर आणि गाणगापूर. रण म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंट, अशी माझी समजूत होती. वाळू कुठे दिसेचना. भुज सोडल्यावर दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि वेड्या बाभळीचं रान सुरू झालं. आमच्याबरोबर याच बन्नी भागातला एक वाटाड्या होता, गुरं राखणाऱ्या मालधारी घरातला. तो हिंदीत सांगत होता, "मौसी, ये घास का मुल्क था." ही बाभूळ बाहेरून आणून लावली आणि तिने गवत खाल्लं, असं तो म्हणाला. त्यांच्या बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, हे सांगताना मात्र त्याचा चेहरा उजळला.

रणात आम्ही पौर्णिमेलाच पोचलो. सहली मुद्दाम तशाच आखतात. संध्याकाळी सडकेच्या टोकाला उतरून चालत गेलो. पायाखाली मीठ कुरकुरत होतं. एका जागी कवच फुटलेलं होतं आणि आत काळा, ओला चिखल दिसला, अगदी आमच्या मिठागरातल्यासारखा. तेवढी एकच गोष्ट ओळखीची. बाकी नजरेला धरायला काही नव्हतं. ना बांध, ना उघाडी, ना कांदळ. कुठून आलो तेही कळेना, म्हणून मी वन्संचा हात सोडला नाही. अंधार पडला, चंद्र वर आला आणि ती सगळी जमीन उजळून निघाली. बाकीचे गप्प उभे राहिले. माझं मन मात्र घड्याळाकडे.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिचे झाले सव्वाअकरा. सव्वाअकराला पेणच्या खाडीत उधाण चढणार, पाणी बांधाच्या डोक्याला लागणार, हे मला आतून कळत होतं. आणि इथे मी समुद्राच्या तळासारख्या दिसणाऱ्या जमिनीवर, भर पौर्णिमेला उभी, आणि कुठूनही पाणी येत नव्हतं. मी वाटाड्याला विचारलं, "दर्या किती लांब? आज इथे चढणार नाही ना?" त्याने माझी शंका मनावर घेतली आणि नीट उत्तर दिलं. पाणी येतं, पण वर्षातून एकदा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीकडून समुद्र आत ढकलतो, लुणीसारख्या नद्यांचं आणि पावसाचं पाणीही उतरतं, आणि हे सगळं रण उथळ पाण्याखाली जातं. पाऊस सरला की ते वाळत जातं, मीठ मागे राहतं. म्हणजे महिन्यातून दोनदा येणारं आमचं उधाण इथे वर्षाने येतं. हे ऐकल्यावर मला त्या जागेचा थोडा धीर आला.

दुसऱ्या दिवशी काळ्या डुंगरावर गेलो. ४६२ मीटर उंचीचा हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर, वर दत्ताचं देऊळ. गाणगापूरच्या देवाची इथे भेट होईल असं आमच्या गटात कोणाला वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी पायरीवरच डोळे पुसले. वरून रण दिसतं. वाटाड्याने वायव्येला बोट करून १८१९चा भूकंप सांगितला. त्या जूनमध्ये रणाच्या पलीकडे जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला. त्याला अल्लाबंध म्हणतात. सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं पाणी आधीच अडवलेलं होतं, ते आणखी तुटलं. लखपतच्या बाजूला एके काळी भात पिकायचा, तो गेला. आमच्याकडे बांध फुटला की भात जातो, तिथे बांध उभा राहिला म्हणून गेला. हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या दिशेला बघत राहिले.

पण मला सर्वांत जास्त हलवलं ते विरड्याने. बन्नीत जमिनीखालचं पाणी खारं. तरी मालधारी सखल जागा हेरून उथळ खड्डे खणतात. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते जड खाऱ्या पाण्याच्या वर तरंगतं. लाकूड आणि गवत लावून खड्डा सावरायचा आणि वरचंच पाणी हळूहळू काढायचं. जास्त उपसलं तर खालचं खारं वर येतं. वाटाड्याने विचारलं, "आपके यहाँ कितनी बारिश?" कच्छमध्ये वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर, आमच्या रायगडात तीन हजारांच्या वर. मी आकडा सांगितला. मग हेही सांगितलं की एप्रिल-मेमध्ये आमच्या खारेपाटात बायका टँकरची वाट बघतात, आणि पेण तालुक्यातच हेटवण्याचं धरण आहे. तो काहीच बोलला नाही. मला त्याचं न बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

धोलावीराला जाताना सडक रणातूनच जाते, दोन्हीकडे पांढरं. खडीर बेटावरचं हे सिंधू संस्कृतीचं शहर २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. मला वाटलं होतं पडक्या भिंती बघायच्या. पण मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांवर बंधारे घालून तिथल्या लोकांनी पाणी वळवलं होतं आणि शहराभोवती टाकी खोदली होती. पूर्वेकडचं टाकं सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, तळाशी उतरायला पायऱ्या. काठावर उभी राहून मी माझ्या गावातलं तळं आठवत होते. त्यात आता गाळ आहे आणि गाळावर पाणवनस्पती. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी थेंब न् थेंब धरला, तोही खाऱ्या जमिनीच्या मधोमध. आम्हाला एवढा पाऊस मिळून आम्ही तो बांधातल्या उघाडीतून खाडीत सोडून देतो.

शेवटचा मुक्काम मांडवीला. तिथे मात्र मी गोंधळले नाही. रुक्मावतीच्या पात्रात लाकडी जहाजं बांधतात, दुमजली घराएवढे सांगाडे उभे. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता, आणि वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो." त्या दिवशी तृतीया. तिथीच्या पाऊणपटीने आमच्याकडची भरती सव्वादोनची; इथे कच्छच्या आखातात वेळ वेगळी पडणार, म्हणून मी तिथल्या सुताराला विचारलं. तोही चंद्रावरूनच सांगत होता. तयार झालेलं जहाज मोठ्या भरतीच्या पाण्यावर बाहेर काढतात, त्यासाठी पौर्णिमा-अमावास्येची वाट बघतात. ज्या उधाणाच्या भीतीने वडील रात्र जागवायचे, त्याचीच इथे वाट पाहतात.

मला रण पुन्हा बघायचं आहे, पण श्रावणात, पाण्याखाली असताना. सहलवाले तेव्हा नेत नाहीत. वाटाड्या म्हणाला, खडीर तेव्हा खरंच बेट होतं आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी असतं. त्याचा नंबर मी घेऊन ठेवला आहे. वन्संनाही सांगून ठेवलंय, भात लावून झाला की निघायचं.